परक्या घड्याळाची चाकरी

इ. स. १९०६ च्या जानेवारीची पहिली तारीख आज फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. त्या दिवसापासून सरकारनें साऱ्या हिंदुस्थानास एकच प्रमाण वेळ लावून दिली. मुंबईचें स्वतःचें घड्याळ या नव्या घड्याळाच्या एकूणचाळीस मिनिटें मागें चालत असे. तेव्हां सूर्य जेथल्या तेथें राहिला आणि कांटे तेवढे पुढें सरकले. सुशिक्षित मंडळींनीं याविरुद्ध सभा भरविल्या, अर्ज केले, आणि शहरानें आपली जुनी वेळ पुढें कित्येक वर्षें हट्टानें पाळली. गिरणीकामगारांनीं इतका धीर धरला नाहीं. ५ जानेवारी रोजीं मुंबईंतील कांहीं हजार कामगारांनीं नव्या वेळेप्रमाणें मागावर जाण्याचें नाकारलें, आणि गिरणीवर दगडही पडले. ज्यांच्या घरीं घड्याळ नव्हतें अशा माणसांनीं घड्याळापायीं दंगा करावा, याचें त्या काळच्या कित्येक शहाण्यांना हसूं आलें असेल. आम्हांस मात्र त्यांत हसण्याजोगें कांहीं दिसत नाहीं. आपला दिवस केव्हां सुरू व्हावा हें ठरविण्याचा अधिकार आपल्या हातून गेला, एवढें त्यांस बरोबर कळलें होतें.

त्याच सालीं आमच्या करवीर नगरींत शाहू छत्रपति स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलचा पाया घातला गेला. मिरजेहून आगगाडी १८९१ सालीं येऊन पोंचली होती, शाहूपुरीची पेठ वसली होती, आणि रयतेच्या मुलांना शेताबाहेरचें कांहीं काम मिळावें अशी छत्रपतींची इच्छा होती. गिरणी आली तसा भोंगाही आला. तालमींतील पोरें तांबडें फुटण्यापूर्वीं उठतच असत; आतां त्यांच्याबरोबर साचेवालेही उठूं लागले. संस्थानी मुलखास ब्रिटिश हिंदुस्थानचा कारखान्यांचा कायदा आपोआप लागू होत नसे, हें खरें. परंतु गिरणीचा मालक कोण, फाटक कोठें आणि गाऱ्हाणें सांगावयाचें तें कोणाच्या दारीं, हें कोल्हापुरांतल्या पोरालाही ठाऊक असे. २००३ सालीं ती गिरणी बंद पडली. ज्या घरांतून आजा भोंग्यावर उठत असे, तशा घरांतील नातू आणि नाती त्याच सुमारास रात्रींच्या गाडीनें पुण्यामुंबईस जाऊन न्यूयॉर्कच्या घड्याळावर उठूं लागल्या होत्या. त्या चाकरीचा हा थोडासा इतिहास आहे.

कॉल सेंटर म्हणजे काय हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तरी दोन शब्द लिहून ठेवणें बरें. विलायतेंतील अगर अमेरिकेंतील एखाद्या बँकेचें किंवा विमान-कंपनीचें गिऱ्हाईक तक्रार सांगण्यासाठीं फोन उचलतें, आणि उत्तर देतो तो समुद्राअलीकडच्या दुसऱ्याच कंपनीचा नोकर. काम बँकेचें, माणूस ठेकेदाराचा. ब्रिटिश एअरवेज या विमान-कंपनीनें आपलें असें कचेरीचें काम १९९६ सालीं मुंबईंत आणलें; जनरल इलेक्ट्रिकच्या भांडवली शाखेनें पुढल्याच वर्षीं दिल्लीजवळ गुरगांवांत केंद्र उघडलें. १९९९ सालीं नवें दूरसंचार-धोरण आलें, १ एप्रिल २००२ रोजीं परदेशी दूरध्वनीवरील विदेश संचार निगमचा मक्ता संपला, आणि संभाषणाचा खर्च उतरतांच हा धंदा मुंबई, पुणें, बंगलोर आणि दिल्ली यांच्याभोंवतीं पावसाळ्यांतील गवतासारखा फोफावला. तिकडच्या व इकडच्या पगारांतील अंतर हें त्याचें मूळ कारण. दुसरें कारण आमच्या शिक्षणांत आहे. राजाराम कॉलेज १८८० पासून आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून या भागांतील मुलांना इंग्रजी शिकवीत आलें. तें इंग्रजी कोणाशीं बोलावयाचें हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या बाबतींत पदवी मिळाल्यानंतरही शिल्लक राहात असे. त्याला एक उत्तर मिळालें, आणि महिन्याअखेर तें बापाच्या निवृत्तिवेतनाहून मोठें होतें. घरोघरीं आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. धाकट्या बहिणीचें शिक्षण, घरावरचा स्लॅब, आईचें डोळ्यांचें शस्त्रकर्म या पगारांतून झालें, हें आम्हीं आमच्याच आळींत पाहिलें आहे. या धंद्यावर टीका करणारांनीं ही बाजू आधीं मोजावी.

आवाज विकून पोट भरण्याचा हा उद्योग अगदींच नवा नव्हे. मुंबईंत दूरध्वनीची कचेरी २८ जानेवारी १८८२ रोजीं उघडली. अमेरिकेंत त्यापूर्वीं चार वर्षें हें काम पोरांकडे होतें; पोरें गिऱ्हाइकांशीं उद्धटपणें बोलत, म्हणून १८७८ सालीं बोस्टन शहरीं एमा नट या बाईस नेमण्यांत आलें, आणि पाहतां पाहतां तें काम बायकांचें झालें. मृदु आवाज आणि कमी पगार असा दुहेरी लाभ मालकांना झाला. पुढें १९०७ सालीं कानडा देशांतील टोरोंटो शहरीं जें घडलें तें आमच्या विषयास फार जवळचें आहे. तेथील टेलिफोन-कंपनीनें बायकांच्या कामाचे पांच तास वाढवून आठ करण्याचें ठरविलें, आणि त्या संपावर गेल्या. सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें. त्यांत पुढें त्या देशाचे मुख्य प्रधान झालेले मॅकेंझी किंग हे होते. मंडळापुढें डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. ओझें उचलावें लागत नाहीं, सावलींत बसून बोलावयाचें असतें, मग एवढे कष्ट ते कसले, या प्रश्नास त्या डॉक्टरांनीं दिलेलें उत्तर असें होतें कीं एकाच वेळीं कान, डोळे, हात आणि वाणी अखंड सावध ठेवण्यानें मज्जातंतु झिजतात, आणि ती झीज हातावरच्या घट्ट्याप्रमाणें दिसत नाहीं. हा प्रश्न आणि हें उत्तर, दोन्ही शंभर वर्षांनीं पुण्याच्या हिंजवडींत जसेच्या तसे उभे राहिले. उत्तर ऐकण्यास चौकशी-मंडळ मात्र नव्हतें.

आतां प्रत्यक्ष काम पाहूं. थंडगार केलेल्या मोठ्या दालनांत ओळींनीं बसलेलीं मुलें, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, समोर पडदा. एक संभाषण संपतें तोंच दुसरें कानांत पडतें. मध्यें किती सेकंद जावेत हें यंत्र ठरवितें. संभाषण सरासरीनें किती मिनिटांत उरकावें याचा आंकडा ठरलेला असतो, आणि तो दररोज प्रत्येकाच्या नांवापुढें लागतो. गंमत अशी कीं गिऱ्हाइकाचें समाधानही मोजलें जातें. म्हणजे म्हातारीचें गाऱ्हाणें पुरतें ऐकलें तर वेळेंत मार्क जातात, आणि तिला लौकर वाटेस लावलें तर समाधानांत जातात. संभाषणें ध्वनिमुद्रित होतात आणि त्यांतील निवडक संभाषणें तपासनीस ऐकतो. जेवणाची आणि चहाची सुटी मिनिटांवर मोजून मिळते. लघुशंकेस गेलेला वेळही पडद्यावर नोंदला जातो. २००५ सालीं पुण्यांतील एका केंद्रांतून अमेरिकन बँकेच्या खातेदारांचे गुप्त अंक काढून पैसे लांबविण्याचा प्रकार उघडकीस आला, तेव्हांपासून तर कागद-पेन्सिल आणि मोबाईल दाराबाहेर ठेवून झडती देऊन आंत शिरण्याची पद्धति सर्वत्र कडक झाली. चार जणांनीं चोरी केली म्हणून हजारोंचे खिसे तपासले जावेत, हा न्याय गिरणीच्या फाटकावरही होताच.

दंडाची गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. जुन्या मुंबईंत कापडांत डाग पडला कीं तें कापड विणकराच्या गळ्यांत मारून त्याची किंमत मजुरींतून कापून घेत. रॉयल कमिशनसमोर याची बरीच चर्चा झाली, आणि १९३६ च्या वेतन-कायद्यानें दंड रुपयामागें अर्ध्या आण्याहून अधिक असूं नये असें ठरविलें. कॉल सेंटरांत दंड नाहीं. तेथें मूळ पगार बेताचा ठेवून त्यावर उत्तेजनार्थ रक्कम देतात, आणि आंकडा चुकला कीं ती मिळत नाहीं. जें दिलेंच नाहीं तें कापलें असें कसें म्हणावें? १९३६ चा कायदा येथें निरुत्तर होई. ही युक्ति ज्यानें शोधली त्याच्या बुद्धीचें आम्हांस कौतुक वाटतें, आणि ज्या मुलाचें घरभाडें त्या रकमेवर अवलंबून आहे त्याची कींवही येते.

नांव बदलण्याचा प्रकार आरंभीच्या वर्षांत सर्रास होता. संतोषचा सॅम होई, आणि माधुरीची मेरी. त्यापूर्वीं कांहीं आठवडे उच्चारांची शिकवणी. आपल्याकडील मुलाला इंग्रजीच्या आधीं स्वतःच्या मराठींतील 'नव्हं' आणि 'व्हय' पुण्यांत लपवावें लागतें. मग पुण्याचें वळण लपवून अमेरिकेचें घ्यावयाचें, अशी ही दुहेरी धुलाई. कोणी म्हणेल, नाटकवाले काय करीत होते? कोल्हापूरचे केशवराव भोसले रात्ररात्र स्त्रीवेषांत गात, त्यांचें काय बिघडलें? दोहोंत फरक आहे. नट सोंग घेतो तें प्रेक्षकाच्या संमतीनें; प्रेक्षकाला तें सोंग आहे हें ठाऊक असतें, म्हणूनच तो टाळी देतो. येथें सोंग ओळखूं येणें हीच चूक. आणि समोरच्यानें तें ओळखलें कीं त्याच्या देशांत गेलेल्या नोकऱ्यांचा राग तो या विशीच्या पोरावर शिव्यांनीं काढतो. त्या ऐकून घेऊन 'आपणांस आणखी कांहीं मदत करूं शकतों का' असें विचारणें हा कामाचा भाग होय, आणि फोन आपण होऊन बंद करण्याची सहसा मुभा नसते.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट रात्रीची. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां आपल्याकडे हिंवाळ्यांत सायंकाळचे साडेसात होतात, आणि कॅलिफोर्नियांत नऊ वाजतात तेव्हां रात्रीचे साडेदहा. अमेरिकेंत मार्च आणि नोव्हेंबर महिन्यांत घड्याळें तासभर पुढें-मागें करतात. त्यासरशीं येथील मुलांचें जेवण, झोंप आणि गाडी वर्षांतून दोनदां तासभर सरकतात. एकूणचाळीस मिनिटांसाठीं १९०६ सालीं दगड उचलले गेले. साठ मिनिटांसाठीं आज सूचना-फलकावर दोन ओळी येतात. सुट्याही तिकडच्या. दिवाळीच्या पाडव्याला हजेरी लागते, आणि नाताळांत दालन ओस पडतें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं रविवारची सुटी मागितली तेव्हां हा खंडोबाचा वार आहे असेंही एक कारण दिल्याचें सांगतात, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत ती सुटी मिळाली. वार आपला, देव आपला, म्हणून सुटी आपली, असा तो साधा हिशेब होता. पाळीप्रमाणें मंगळवारीं अगर गुरुवारीं मिळणारी सुटी दिवसानें कमी नसते. पण त्या दिवशीं घरांतील दुसरें कोणीच घरीं नसतें. रात्रींचें काम शरीराला सोसत नाहीं हें सांगण्यास वैद्य नको; तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन मंडळानें २००७ सालीं, आणि पुन्हां २०१९ सालीं, रात्रपाळीची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली आहे.

बायकांच्या रात्रपाळीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांना रात्रीं आठ ते पहांटे पांच कामास लावण्यास, कांहीं अपवाद ठेवून, मनाई केली; १९११ सालीं ती कडक झाली; १९४८ च्या कारखाने-कायद्यानेंही ती कायम ठेवली, आणि त्याच सालच्या मुंबईच्या दुकानें व आस्थापना कायद्यानें कचेऱ्यांवरही मर्यादा घातली. तीं बंधनें शुद्ध दयेपोटीं आलीं असें आम्ही मानीत नाहीं. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा बोंचत होती, हेंही एक कारण होतें. शिवाय संरक्षणाच्या नांवाखालीं बाईची रोजी जाते, हा आक्षेपही खरा आहे. मद्रासच्या उच्च न्यायालयानें २००० सालीं १९४८ च्या कायद्याचें तें कलम याच विचारानें रद्द ठरविलें. तेव्हां मुलींना रात्रीं काम करूं देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. म्हणणें एवढेंच कीं, हें बंधन सैल झालें तें मुलींनीं मागितलें म्हणून नव्हे. परदेशी गिऱ्हाईक रात्रीं जागें असतें म्हणून राज्याराज्यांनीं या धंद्यास सूट दिली, आणि त्या सुटीबरोबर यावयाची व्यवस्था फार मागाहून आली.

ती कशी आली, तें लिहितांना लेखणी अडखळते. डिसेंबर २००५ मध्यें बंगलोरांत, आणि नोव्हेंबर २००७ मध्यें पुण्यांत, रात्रपाळीस निघालेल्या एकेका तरुणीवर गाडीवाल्यानें अत्याचार करून तिचा खून केला. पुण्याची मुलगी कंपनीनेंच ठरविलेल्या गाडींत बसली होती. बंगलोरच्या प्रकरणीं कंपनीच्या प्रमुखावर खटला चालूं शकतो कीं नाहीं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००८ सालीं न्यायालयानें खटला रद्द करण्यास नकार दिला. पुण्याच्या खटल्यांत आरोपींना फांशीची शिक्षा झाली. पुढें अंमलबजावणीस फार विलंब लागला म्हणून २०१९ सालीं उच्च न्यायालयानें ती पस्तीस वर्षांच्या कैदेवर आणली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या आस्थापना-कायद्यानें रात्रीं साडेनऊनंतर काम करण्यास स्त्रीची संमति, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन, या अटी स्पष्ट घातल्या. त्या अटी वाचतांना त्यांतील 'दारापर्यंत' हा शब्द आम्हांस सरकारी मसुद्याचा वाटत नाहीं.

नोयडा येथील व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेच्या एका अभ्यासकानें या केंद्रांची तुलना एकोणिसाव्या शतकांतील तुरुंगांशीं व रोमन गुलामांच्या जहाजांशीं केली, तेव्हां २००५ सालीं बराच गदारोळ झाला होता. आम्हांस ती तुलना अतिशयोक्त वाटते. वल्ह्याला साखळीनें बांधलेला माणूस नोकरी सोडून जाऊं शकत नव्हता. येथें मुलें वर्षा-सहा महिन्यांत सोडून जातात, आणि कंपन्यांची खरी डोकेदुखी तीच असते. पण सोडून जाणें हा एकटा इलाज उरला, यांतच खरी अडचण आहे. १८८४ सालीं लोखंड्यांनीं सभा भरवून साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, पंधरा तारखेच्या आंत पगार, जायबंदी झाल्यास भरपाई, अशा साध्या मागण्या होत्या. त्या अर्जाला पत्ता होता. गिरणी परळांत, मालक मलबार टेंकडीवर, सरकार कोटांत. आज पुण्यांतील केंद्राचा व्यवस्थापक म्हणतो, मिनिटांचा आंकडा परदेशी बँकेनें ठरविला, आमच्या हातीं नाहीं. बँक म्हणते, तीं मुलें आमचीं नोकरच नव्हेत. दोघेही कराराच्या दृष्टीनें खरें बोलतात. जुन्या गिरणींत मुकादम मजूर आणी आणि त्यांच्यावर जरब ठेवी, पण मजुरीचे पैसे गिरणीच्या खिडकीवरच मिळत; येथें मुकादमच मालक झाला आहे, आणि त्याचा मालक दिसेनासा झाला आहे. २००५ सालीं बंगलोरांत या नोकरांची एक संघटना निघाली, परंतु ती फार फोफावली नाहीं. दर वर्षीं निम्मीं माणसें बदलावींत अशा ठिकाणीं सभासदांची यादी तरी कशी टिकावी? शिवाय आपण कामगार आहोंत हें या मुलांना पटतही नाहीं. गळ्यांत बिल्ला, तोंडांत इंग्रजी, न्यावयास गाडी. बापाला वाटतें मुलगा साहेब झाला, आणि त्या समजुतीस धक्का लावण्याचें धैर्य मुलाला होत नाहीं.

२०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें सारें बंद झालें, आणि हीं मुलें संगणक घेऊन गांवीं परतलीं. या धंद्यास घरून काम करण्याची जी तात्पुरती सवलत मिळाली होती, तिला त्याच सालच्या नोव्हेंबरांत दूरसंचार खात्यानें नवे नियम करून कायमची वाट करून दिली. तेव्हांपासून न्यूयॉर्कचें घड्याळ कोल्हापूरच्या घरांतही लागलें. मंगळवार पेठेंतील अगर राजारामपुरींतील दोन खोल्यांच्या घरांत एक खोली रात्रीं साडेसात ते पहांटे साडेतीनपर्यंत बंद असते, कारण आंत कुकरची शिटी ऐकूं जातां कामा नये. आजोबा दूरदर्शनचा आवाज बारीक करतात. शेजारीं गणपतीचा ढोल सुरू झाला कीं खिडकी लावून घ्यावी लागते. पहांटे गंगावेशींत म्हशी पिळून धारोष्ण दूध मिळूं लागतें, तालमींत पोरें लाल मातींत उतरतात, त्या वेळीं हा मुलगा कानावरचा हेडफोन उतरवून अंथरुणावर पडतो. गाडी नको, म्हणून गाडीचें भय गेलें. आई-बाप समोर आहेत, खानावळीचा खर्च वाचला. घरच्यांना ही सोय मोठी वाटते, आणि ती आहेही.

फक्त २०१७ च्या कायद्यानें मालकावर टाकलेल्या गोष्टी एकेक करून कोणाकडे आल्या तें पाहावें. कामाची जागा घराची, खुर्ची घरची, पंखा घरचा. ठराविक तासांनंतर अर्धा तास विश्रांति मिळाली कीं नाहीं, हें पाहावयास येणारा निरीक्षक या माडीवर चढून येणार नाहीं. मध्यरात्रीं दोन वाजतां चहा करून दाराशीं ठेवते ती आई. कप वाजूं नये म्हणून तिनें बशी वापरणें सोडलें आहे. वीज गेली तर संभाषण तुटतें आणि तो वेळ मुलाच्या खात्यावर चढतो, यासाठीं बापानें आपल्या निवृत्तिवेतनांतून इन्व्हर्टर घेतला, आणि विजेचें बिल अजून त्याच्याच नांवानें येतें.